कुणाला ऐकायचं ते मीच ठरवणार

भालेराव गाणं ऐकायला स्टेजकडे पाठ करून बसायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच.

अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शाळेचं मोठं मैदान आहे. तिथे दर मे महिन्यात, मुलांच्या सुट्ट्या लागल्या की, दहा संध्याकाळी वाद्यवृंदांचे कार्यक्रम व्हायचे. ऑर्केस्ट्रे, बँजो पार्ट्या, भीमगीतांचे संच, कॉलेजच्या पोरांचे गिटारवाले बँड, सगळे एकाच मांडवाखाली. दोन हजारचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी बदलापूरहून मैत्रिणीला घेऊन गेले होते. मैदानातल्या सगळ्या खुर्च्यांची तोंडं स्टेजकडे होती, आणि तिसऱ्या रांगेच्या टोकाला एक पन्नाशीचा, सावळा, रुंद खांद्यांचा माणूस खुर्ची उलटी फिरवून आमच्याकडे तोंड करून बसला होता. डोळे मिटलेले. उजव्या हाताचं एकच बोट गुडघ्यावर हलत होतं.

बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता जवळ येऊन म्हणाला, "काका, खुर्ची सरळ करा. बरं दिसत नाही ते."

"कुणाला बरं दिसत नाही?" डोळे न उघडता त्यांनी विचारलं.

"अहो, कलाकाराचा अपमान होतो."

आता त्यांनी डोळे उघडले. "भाऊ, डोळे लबाड असतात. झगमग शर्ट बघतात आणि कानाला सांगतात, मस्त चाललंय. मी कलाकाराला ऐकायला आलोय. ज्याला बघायचं असेल, त्याने आपली खुर्ची सरळ ठेवावी."

कार्यकर्ता गेला. खुर्ची तशीच राहिली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मला अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका फोर्जिंग कारखान्यात कार्मिक विभागात नोकरी लागली. पहिल्याच दिवशी मला कारखाना दाखवायला नेलं. हॅमर शॉपच्या दाराशी पाय ठेवला आणि माझ्या छातीत काहीतरी आदळलं. भट्टीतून लाल झालेला लोखंडाचा तुकडा चिमट्याने धरून माणसं हातोड्याखाली सरकवत होती, आणि दोन माणसांच्या उंचीचा तो यांत्रिक हातोडा त्याच्यावर घाव घालत होता. जमीन हलत होती. तिथे कुणी बोलत नव्हतं, सगळे हातांनी खुणा करत होते. त्या सगळ्यांत पुढे, चिमटा धरून उभे होते ते उलट्या खुर्चीतले काका. चोवीस वर्षं ते तिथे उभे होते.

जेवणाच्या सुट्टीत मी जाऊन त्यांना सांगितलं, मी तुम्हाला मैदानात पाहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कुठल्या दिवशी?" मी दिवस सांगितला. ते हसले. "अरेरे. त्या दिवशी आलात? सहाव्या दिवशी यायचं होतं, मॅडम. तुमचं तिकीट फुकट गेलं."

कारखान्यात भालेरावांची यादी प्रसिद्ध होती. एप्रिल संपता संपता महोत्सवाचं पत्रक निघायचं. भालेराव ते कॅन्टीनबाहेरच्या फळ्यावर लावायचे आणि दहापैकी जे कार्यक्रम ऐकण्यासारखे असतील, त्यांच्यापुढे खूण करायचे. कधी चार, कधी सहा. दहाही कार्यक्रमांना जाणं बहुतेकांना झेपायचं नाही. पाळ्या असायच्या, घरी माणसं असायची, तिकीट काढावं लागायचं. मग त्यांची खूण बघून लोक ठरवायचे. आमच्याच नाही, शेजारच्या दोन-तीन कारखान्यांतली माणसंही कॅन्टीनशी येऊन फळा वाचून जायची.

ही खूण घरबसल्या होत नसे. एप्रिलमधल्या प्रत्येक साप्ताहिक सुट्टीला भालेराव तालमी ऐकत फिरायचे. पुढे पुढे मीही त्यांच्याबरोबर गेले आहे. बदलापूरला आमच्या मांजर्लीतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं ड्रम लावून बसायची. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका फर्निचरच्या दुकानावरच्या खोलीत लच्छूभाई नावाच्या सिंधी गृहस्थांचा ऑर्केस्ट्रा तालीम करायचा. दुकान त्यांचंच. दिवसा सोफे विकायचे आणि संध्याकाळी कीबोर्ड वाजवायचे.

लच्छूभाईंना भालेरावांनी पहिल्या वर्षी चक्क नापास केलं होतं. हा किस्सा लच्छूभाईंनीच मला सांगितला. "मैंने बोला, साईं, पास कर दो, आपके पीछे पूरा एमआयडीसी आता है. तो ये बोलते हैं, लच्छूभाई, बासरी तुम्हारी उंगली बजाती है, सारंगी तुम्हारी उंगली, ढोलक भी तुम्हारी उंगली. बाकी आठ लोग क्या सोफा उठाने को रखे हैं?" सांगताना लच्छूभाई पोट धरून हसत होते. पण त्या वर्षी ते आठ दिवस झोपले नव्हते म्हणे. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खरा बासरीवाला आणला, ढोलकीला जागा दिली आणि स्वतः अर्धा वेळ हात मांडीवर ठेवून बसायला शिकले. भालेरावांनी खूण केली. तेव्हापासून लच्छूभाई त्यांना गुरू मानायचे, आणि भालेराव त्यांना "दुकानदार" म्हणायचे.

"वाजवणारा कधी थांबतो ते बघावं, मॅडम," ते मला सांगायचे. "वाजवायला सगळ्यांनाच येतं. दुसऱ्याचं ऐकायला जो थांबतो, त्याचा बँड चांगला."

आपलं-परकं त्यांना नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या वस्तीतला भीमगीतांचा एक संच एका वर्षी टेप लावून नुसते ओठ हलवणार, हे त्यांना तालमीत कळलं. त्यांनी खूण केली नाही. वस्तीतली माणसं घरी आली. "भालेराव, आपल्याच पोरांचं वाईट करता?"

"ज्यांचं नाव घेऊन गाता, त्यांच्यासमोर टेप वाजवता?" भालेराव म्हणाले. "त्यांनी काय शिकवलं आपल्याला? खोट्याला मान डोलवायला? बेसूर गा, पण स्वतःच्या गळ्याने गा. मी पहिल्या रांगेत बसतो." चार महिने वस्तीत त्यांच्याशी काही घरं बोलत नव्हती. त्यांच्या पत्नी, विमलमावशी, अजूनही त्या चार महिन्यांबद्दल वैतागून बोलतात. पण पुढच्या मे महिन्यात तीच पोरं खरी गायली. दोन ठिकाणी घसरलीसुद्धा. भालेराव शब्द दिल्याप्रमाणे पहिल्या रांगेत होते.

साहेबांचंही त्यांनी ऐकलं नाही. आमच्या वर्क्स मॅनेजरांच्या भाच्याचा बँड होता. धुराचं मशीन, रंगीत दिवे, चार माणसांएवढे स्पीकर. साहेबांनी भालेरावांना केबिनमध्ये बोलावून गोड आवाजात म्हटलं, "भालेराव, आपल्या माणसाची खूण राहिली वाटतं फळ्यावर?"

"राहिली नाही साहेब, केली नाही."

"का?"

"आवाज मोठा आहे, गाणं बारीक आहे. मला रोज आठ तास मोठा आवाज फुकट मिळतो."

ही गोष्ट त्याच संध्याकाळी सगळ्या पाळ्यांना कळली. ती सगळीकडे पसरली आहे, हे साहेबांनाही कळलं. मी तेव्हा हसले होते. पुढे काय वाढून ठेवलंय, याची मला कल्पना नव्हती, आणि त्यातला एक वाटा माझाच असणार होता.

तो वाटा आता सांगते. वर्षातून एकदा कारखान्यात कानांची तपासणी करणारी गाडी यायची. हॅमर शॉपच्या माणसांना एकेक करून तिच्यात बसवायचे, कानावर यंत्र लावायचे आणि प्रत्येकाचा आलेख काढायचे. ते आलेख आमच्या विभागात यायचे. माझ्या वरिष्ठांनी मला सांगितलं, आलेख कपाटात ठेवायचे आणि नोंदवहीत सगळ्यांच्या नावापुढे 'समाधानकारक' लिहायचं. मी आलेख पाहिले. सगळ्यांच्या रेघा उजवीकडे दरीत कोसळाव्यात तशा खाली गेलेल्या. मी म्हटलं, "सर, हे समाधानकारक कसं?" ते म्हणाले, "तू डॉक्टर आहेस का?" मी तेवीस वर्षांची होते, नोकरी नवी होती, घरी वडील निवृत्त झाले होते. मी लिहिलं. दोन वर्षं लिहिलं. खाली सही माझी.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये भालेराव माझ्या टेबलापाशी आले. एरवी दुरून हात करणारा माणूस, त्या दिवशी समोरची खुर्ची ओढून बसला.

"मॅडम, माझ्या कानांचा कागद तुमच्याकडे असतो ना? काय लिहिलंय त्यात?"

मी नोंदवही उघडली.  म्हटलं, "समाधानकारक."

"असं?" त्यांनी नोंदवहीतल्या त्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "गेल्या रविवारी लच्छूभाईकडे बसलो होतो. त्या पोराला म्हटलं, झांज का वाजवत नाहीस रे? ती ड्रमला लावलेली असते ना, चक-चक करणारी. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. तो अर्धा तास तीच वाजवत होता."

मी मान खाली घातली.

"आधी वाटलं, वय झालं. मग घरी येऊन विमलला म्हटलं, हात हलव. तिने हलवला. बांगड्या दिसल्या, ऐकू नाही आल्या. मॅडम, ह्याला समाधानकारक म्हणतात?"

ते सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वरचे बारीक आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत; हातोड्यासमोर उभे राहिलात तर उरलेलेही जातील. हे सगळं त्यांनी सरळ सांगितलं, आवाज न चढवता. मग ते उठले. मी त्यांना थांबवलं, कपाट उघडलं, आणि त्यांचे आलेख बाहेर काढले. दोन्ही वर्षांचे.

"काका, सही माझी आहे," मी म्हणाले. "मी दोन वर्षं खोटं लिहिलं."

त्यांनी आलेख हातात घेऊन त्या कोसळलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता ते मला बोलतील, आणि बोलावं असंच मला वाटत होतं. पण त्यांनी विचारलं, "हातोड्यावरच्या बाकीच्या सहा जणांचे कसे आहेत?"

"असेच."

"मग रडत काय बसलीस? झेरॉक्स काढ." त्या दिवसापासून त्यांच्यासाठी मी 'मॅडम' राहिले नाही, 'पोरगी' झाले.

भालेरावांनी व्यवस्थापनाला अर्ज दिला. त्यात तीनच गोष्टी मागितल्या होत्या. हॅमर शॉपमधल्या प्रत्येकाला कानावर घालायची चांगली टोपणं द्या. ज्यांचे कान गेलेत, त्यांना दुसऱ्या कामावर घ्या. आणि तपासणीचा कागद ज्याच्या कानाचा आहे त्याच्या हातात द्या, मराठीत. भरपाईचा शब्द नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "ते वकील बघतील. आधी उद्या जो पोरगा हातोड्यासमोर उभा राहील, त्याचं बघू."

दहा दिवसांनी त्यांना साहेबांनी बोलावलं. कागदपत्रं घेऊन मीही तिथे होते. साहेब अगदी शांत होते.

"भालेराव, तुम्ही दर वर्षी त्या महोत्सवाला जाता. सगळा कारखाना साक्षीदार आहे. तालमींनासुद्धा जाता. तासन्‌तास स्पीकरसमोर बसता. मग कान जाणारच. त्याला कंपनी काय करणार? तरीही माणुसकी म्हणून तुम्हाला गेटवर काम देतो. फक्त एका कागदावर सही करा, की तुम्हाला ऑर्केस्ट्रे ऐकण्याचा नाद आहे आणि त्यामुळे हा त्रास झाला."

 मी भालेरावांकडे पाहिलं. त्यांना सगळं ऐकू आलं की नाही, कळेना. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "शेवटचं काय म्हणाले?" मी सांगितलं. "नाद" हा शब्द सांगताना मला लाज वाटली.

ते उठून उभे राहिले. "साहेब, आयुष्यात एकच चैन केली. तिच्याच डोक्यावर तुमचं पाप ठेवू? सही होणार नाही."

युनियनने फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे तक्रार केली, बातमी पसरली आणि सगळे शहाणे झाले. युनियनचे लोक घरी आले. म्हणाले, या मे महिन्यात मैदानाकडे फिरकू नका. साहेबाची माणसं फोटो काढणार, फॅक्टरी इन्स्पेक्टरसमोर ठेवणार, केस जाईल. वकिलानेही तेच सांगितलं. मीही तेच सांगितलं. विमलमावशी तर हात जोडून म्हणाल्या, "अहो, एक वर्ष नाही ऐकलं तर काय बिघडतं? पुढच्या वर्षी जा ना."

भालेराव जेवत होते. घास तसाच हातात धरून त्यांनी मावशींच्या तोंडाकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी काय ऐकू येईल, विमल? ह्या वर्षी जेवढं येतं, तेवढं पुढच्या वर्षी नसेल. आणि घरी बसलो, तर त्यांचं खरं झालं ना? म्हणजे मलाही वाटलं की गाणं ऐकणं हा गुन्हा आहे. आठ तास मी कुठे उभं राहायचं ते त्यांनी ठरवलं. संध्याकाळी कुणाला ऐकायचं ते मीच ठरवणार."

मावशी उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला. तो त्यांना ऐकू आला नसावा.

एप्रिलमध्ये भालेराव पुन्हा तालमींना निघाले, आता मला बरोबर घेऊन. "वरचं मला ऐकू येत नाही. ते तू सांगायचं," ते म्हणाले. मला संगीतातलं काही कळत नव्हतं. त्यांनी शिकवलं. पोरगी गाताना वरच्या सुरावर पोचते की नुसती ओरडते? झांज ड्रमच्या मागे राहते का? 'स' आणि 'श' स्पष्ट आहेत का? मी कानात सांगायचे, ते डोळे मिटून माझं बोलणं आणि त्यांना ऐकू येणारं खालचं गाणं जुळवत बसायचे. कधी म्हणायचे, "नाही, तू घाईत सांगतेस. परत ऐक." मांजर्लीच्या पोरांनी तर आमच्यासाठी एक गाणं पाच वेळा वाजवलं. उन्हाचे दिवस, पार्किंगमध्ये पंखा नाही, पोरं घामाने निथळत होती आणि भालेराव म्हणत होते, "अजून एकदा, बास वाजवणाऱ्याने थोडं थांबून."

डॉक्टरांनी त्यांना मोठ्या आवाजापासून कान जपायला सांगितलं होतं. म्हणून त्या वर्षी खुणा करणं सगळ्यात अवघड गेलं. दहा संध्याकाळींतून त्यांनी फक्त तीन निवडल्या. लच्छूभाईंचा ऑर्केस्ट्रा, वस्तीतला तो भीमगीतांचा संच आणि मांजर्लीची पोरं. एका बँजो पार्टीवर त्यांचा फार जीव होता. पत्रक समोर घेऊन ते कितीतरी वेळ तिच्या नावावर बोट ठेवून बसले. मग बोट उचललं. "मोठा आवाज आहे. नाही झेपणार," एवढंच म्हणाले.

फळ्यावर पत्रक लागलं. दर वर्षी नुसत्या खुणा असायच्या. त्या वर्षी खाली त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'मला आता वरचे आवाज ऐकू येत नाहीत. हातोड्याने गेले. जेवढं ऐकू येतं, त्यावरून ही निवड केली आहे. बाकीचे बँडही चांगले असतील, आपापल्या कानांनी ठरवा.' आणि खाली नाव, हजेरी क्रमांक, हॅमर शॉप.

ते पत्रक दुपारी कुणीतरी फाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे तसंच दुसरं लागलेलं होतं, आणि त्यावर भालेरावांचं अक्षर नव्हतं. तेही फाडलं गेलं. मग तिसरं लागलं. आजतागायत मला कळलेलं नाही की ती कुणी लावली.

लच्छूभाईंच्या कार्यक्रमाला मैदान भरलं होतं. ऊन उतरलं होतं, पण खुर्च्यांचं लोखंड अजून गरम होतं. भालेराव पांढरा शर्ट घालून आले. त्या दिवशी त्यांनी खुर्ची फिरवली नाही. आता त्यांना गाणाऱ्याचे ओठ बघावे लागत होते. ते स्टेजकडे तोंड करून बसलेले पाहिले आणि आमच्या कारखान्याची माणसं एकदम गप्प झाली. लच्छूभाईंनीही वरून ते पाहिलं. त्यांनी माइक हातात घेतला. "आज हमारे गुरू सामने मुँह करके बैठे हैं. आज आवाज़ आधा रहेगा. जिसको ज़ोर से सुनना है, वो हमारी दुकान पे आए, मैं सोफे पे बिठा के सुनाऊँगा." लोक हसले. साउंडवाल्याने आवाज उतरवला. आणि हजार माणसं ऐकायला पुढे वाकली.

दोन गाणी झाली असतील. डावीकडून कॅमेऱ्याचा लख्ख उजेड पडला. मग पुन्हा. टाइम ऑफिसमधला एक माणूस भालेरावांचे फोटो काढत होता. मागे, पाहुण्यांच्या सोफ्यावर साहेब बसले होते.  मी भालेरावांचा हात धरला, चला म्हटलं.

त्यांनी हात सोडवला आणि सरळ त्या कॅमेऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. गाणं थांबलं. एवढी शांतता की त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा आवाज तसाही मोठाच होतो.

"नीट काढ. असा बाजूने नको, समोरून काढ. आणि थांब, एकट्याचा नको."

त्यांनी मागे वळून हाक मारली. हॅमर शॉपमधले तिघे उठून आले. पवार, शेख आणि महादू म्हात्रे. भालेरावांनी त्यांना आपल्या शेजारी उभं केलं.

"हे पवार. माळकरी माणूस, ऑर्केस्ट्राला कधी आला नाही. हे शेखभाई, यांच्या घरी रेडिओ नाही. हा महादू, पाळी संपली की गावात भाताच्या खाचरात. तिघेही आज पहिल्यांदा या मैदानात आलेत. आणि तिघांच्याही कानांचे कागद माझ्या कागदासारखेच आहेत. काढ फोटो. साहेबांना दे. विचार त्यांना, ह्या तिघांना कुठल्या बँडने बहिरं केलं?"

कॅमेरा खाली गेला. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळं मैदान वाजवू लागलं. साहेब उठून गेले. भालेराव परत येऊन बसले, लच्छूभाईंना हात करून म्हणाले, "दुकानदार, चालू करा. लोक थांबलेत." त्यांचं एक बोट गुडघ्यावर हलू लागलं. 

जूनमध्ये फॅक्टरी इन्स्पेक्टरांसमोर चौकशी झाली. मी सगळ्या सात जणांचे आलेख समोर ठेवले आणि माझी सही कुठे आहे, तेही दाखवलं. त्यानंतर त्या कारखान्यात मला राहणं शक्य नव्हतं. राजीनामा दिला तेव्हा आई-वडील आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. चार महिन्यांनी डोंबिवलीत दुसरी नोकरी मिळाली. पण टोपणं आली. जुन्या माणसांना हातोड्यासमोरून हलवलं. तपासणीचा कागद मराठीत, ज्याच्या त्याच्या हातात मिळू लागला. भालेरावांना स्टोअरमध्ये काम दिलं. भरपाईचा दावा पुढे रेंगाळतच राहिला.

कान जायचे मात्र थांबले नाहीत. दोन वर्षांत माणसांचं बोलणंही धूसर झालं. महोत्सवाच्या मंडळाने त्यांना एका वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं, यादी करायची विनंती केली. ते नाही म्हणाले. "ऐकू येत नसताना खूण करू? मग मी आणि ती नोंदवही, फरक काय राहिला?" मी समोरच होते. त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. "तू पुसलंस ते, पोरी."

त्यांच्याऐवजी विमलमावशी जाऊ लागल्या. आयुष्यभर ज्यांनी त्या ऑर्केस्ट्र्यांना नावं ठेवली, त्याच आता मैदानावरून येऊन त्यांच्यासमोर बसायच्या आणि ओठ नीट हलवून सांगायच्या. एकदा मी होते. मावशी म्हणाल्या, "बरं झालं." भालेराव चिडले. "बरं म्हणजे काय? ढोलकी कुठे मागे पडली ते सांग. ती गाणारी नुसतीच ओरडली असणार, मला माहीत आहे ती." मावशींनी पदर खोचला. "तुम्ही ऐकलंय की मी? चांगली गायली ती. शेवटी तर डोळ्यांत पाणी आलं माझ्या." भालेराव तोंड उघडून काही बोलणार होते. मग हळूहळू त्यांच्या तोंडावर असं हसू आलं, की मावशी लाजून आत निघून गेल्या.

त्या दशकाच्या शेवटी, पावसाळा सरताना, हृदयविकाराच्या झटक्याने भालेराव गेले. सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाला वस्तीतल्या बुद्धविहारात मी गेले. वंदना झाली. पवार बोलले. लच्छूभाई नुसते हात जोडून उभे राहिले आणि खाली बसले. विहाराच्या मागच्या बाजूला कारखान्याच्या गणवेशातली सात-आठ माणसं उभी होती, पाळी संपवून तशीच आलेली. मी कुणालाच ओळखत नव्हते. माझ्यापुढे एक तिशीचा माणूस पाठमोरा उभा होता. आत कुणीतरी बोलत होतं, म्हणून मी अगदी पुटपुटल्यासारखं, त्याच्या पाठीमागूनच विचारलं, "कुठल्या खात्यात आहात?"

तो लगेच वळला.

"हॅमर शॉप," तोही तितक्याच हळू म्हणाला. "पाच वर्षं झाली, ताई."